तानपुऱ्यावर पारखलेले इअरफोन: छोट्या प्लेअरसोबतचा अनुभव

खिशातल्या प्लेअरवर रागदारी ऐकायची असेल तर इअरफोनवर दोन हजारांपेक्षा जास्त खर्च करायची गरज नाही, हे मी आता खात्रीने सांगतो. गेल्या पावसाळ्यात घेतलेले इअरफोन उन्हाळा तापेपर्यंत जवळजवळ रोज वापरले. सांगलीच्या विश्रामबागेतून मिरज जंक्शन आणि तिथून कोल्हापूरची पॅसेंजर, असा माझा कामाचा रस्ता आहे. ऐकणं बहुतेक गाडीतच होतं.

प्लेअर जुना आहे, सॅन्सा क्लिप प्लस. हा 2009 साली बाजारात आला. फ्लॅक (आवाजाची प्रत न घटवणाऱ्या) फाइल चालतात, मेमरी कार्ड बसतं, रॉकबॉक्स हे प्लेअरचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की इक्वलायझरही, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायची सोय, हवा तसा लावता येतो. ब्लूटूथ नाही, त्यामुळे वायर हवीच. ब्लूटूथ असतं तरी मी वायरचेच घेतले असते. बिनवायरच्या इअरबडमधली इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि ती बदलता येत नाही. मग चांगला स्पीकर असूनही जोडी टाकून द्यावी लागते. मारुती रोडवरच्या दुकानांत मात्र आता भिंतभर बिनवायरचेच टांगलेले दिसतात. वायरचे चांगले हवे असतील तर ऑनलाइन मागवावे लागतात.

मी घेतले ते सेव्हन हर्ट्झ कंपनीचे सॅलनोट्स झिरो. प्रत्येक कानात 10 मिमीचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज काढणारा इवला स्पीकर), इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) 32 ओहम, संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर किती मोठा आवाज निघतो ते) 108 डेसिबल. वायर दोन पिनांची, सुटी होणारी. यातले इम्पिडन्स आणि संवेदनशीलता हे दोन आकडे छोट्या प्लेअरवाल्याने पाहिलेच पाहिजेत. संवेदनशीलता कमी असेल तर छोट्या प्लेअरचा आवाज पुरत नाही. आणि इअरफोनचा इम्पिडन्स प्लेअरच्या आउटपुट इम्पिडन्सच्या, म्हणजे प्लेअरच्या स्वतःच्या आतल्या अडथळ्याच्या, निदान आठपट असावा. एकाच कानात चार-पाच ड्रायव्हर भरलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो, त्यामुळे प्लेअर बदलला की आवाजाचा रंगही बदलतो. एका डायनॅमिक ड्रायव्हरला हा त्रास सहसा होत नाही. डब्यावर ड्रायव्हरची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते, पण तिच्यावरून आवाजाची प्रत कळत नाही.

माझी खरी परीक्षा तानपुऱ्याची. मिरजेजवळ राहणाऱ्याला दुसरी कसोटी सुचणारच नाही. तिथल्या सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी लावताना, म्हणजे झंकार यावा म्हणून घोडी घासून बसवताना पाहिलं की एक गोष्ट पक्की कळते. घोडी सपाट नसते, तिला हलका बाक दिलेला असतो, तार तिला घासत थरथरते आणि त्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलतात. तारेखालचा दोरा केसभर सरकवला की सगळा झंकार बदलतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांच्या कसबाचं आहे. आता हा झंकार इअरफोनमधून कसा येतो ते ऐकायचं. वरचे, बारीक सूर दाबलेले असतील तर तानपुरा बंद खोलीतून आल्यासारखा वाटतो. ते चढवलेले असतील तर पत्र्यासारखा कर्कश. झिरोमध्ये जवारी मोकळी येते आणि कानाला टोचत नाही.

खर्जाची गोष्ट अजून महत्त्वाची. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेल्या) तानपुऱ्यात मधल्या जोडीच्या तारा 138 हर्ट्झच्या आसपास असतात आणि खर्ज, म्हणजे शेवटची जाड तार, त्याच्या निम्मा, 69 च्या जवळ. इतका खालचा सूर कानात नीट उतरायचा तर रबर कानाच्या भोकात घट्ट बसलं पाहिजे. फट राहिली तरी सूर ओळखू येतो, कारण वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच पुरा करतो. पण त्याचं वजन निघून जातं. म्हणून नवा इअरफोन हाती आला की गाणं लावण्याआधी नुसता तानपुरा लावा, शेवटची तार ऐका आणि तीनही मापांची रबरं घालून पाहा. माझ्या उजव्या कानाला मधलं माप लागतं, डाव्याला मोठं. कित्येक जण बॉक्समध्ये आधीच बसवलेलं रबर तसंच ठेवतात आणि ‘याला बासच नाही’ म्हणून इअरफोन परत करतात. मला याची फार हळहळ वाटते.

गल्लीतल्या एका जुन्या कारागीर काकांना मी हे ऐकवले. त्यांनी डोळे मिटून खर्ज संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “शेवटपर्यंत ऐकू यायलंय की. पण जवळ बसून ऐकल्यासारखं न्हाई.” बरोबर आहे. तानपुऱ्याशेजारी बसण्याचं सुख कुठल्याच इअरफोनला देता येणार नाही.

याआधीच्या जोडीवर ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलं होतं. त्यात डग्ग्याची मींड ऐकूच येत नसे, प्रत्येक ठोक्याला नुसता ढब असा गोळा. झिरोमध्ये डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा सूर वर चढताना स्पष्ट कळतो. ढोल-ताशा किंवा डीजेची गाणी ऐकणाऱ्याला मात्र हा बास कमी वाटेल. त्यांनी याच मालिकेतला झिरो टू पाहावा, त्यात खालचा भाग जास्त भरलेला आहे.

जुन्या ध्वनिमुद्रिकांचं वेगळं सांगायला हवं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं ते 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून, तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत. त्यात खालचे सूर जवळजवळ नाहीतच, वर सुईची खरखर. अशा वेळी इक्वलायझरवर वरचे सूर थोडे उतरवले की तो तलम आवाज पुढे येतो. सतत ऐकायचं असेल तर प्लेअरमध्ये ही सोय हवीच.

गाडीतला अनुभव रबरावरच अवलंबून आहे. अंकलीजवळ कृष्णेच्या पुलावर पॅसेंजर खडखडू लागली की सैल इअरफोनवाला आवाज वाढवतो आणि जयसिंगपूर, हातकणंगले गेलं तरी कमी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. बाहेरचा गोंगाट अडला तर तिच्या आत राहणं सोपं जातं. फोमची रबरं याहून जास्त आवाज अडवतात. ती बोटांत दाबून कानात घालायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची. पण घामाने ती काही महिन्यांत निबर होतात, हा खर्च धरून चला. वायर कानामागून घ्या, शर्टाला घासल्याचा आवाज बराच कमी होतो.

पावसाळ्यात मी इअरफोन सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवले. जाळीत मळ साचला की एका कानाचा आवाज बसतो. जाळी खाली धरून मऊ ब्रशने झटकायची, फुंकर मारायची नाही, कारण मळ आणि ओल आत जाते.

झिरोचं कानात जाणारं तोंड जाड आहे. लहान कानांच्या माणसाला ते तासाभरात दुखू लागेल. अशांनी मूनड्रॉपचा चू टू घ्यावा. तो आकाराने लहान, धातूचा आहे, आणि त्याचीही वायर सुटी होते. फक्त त्याचा इम्पिडन्स 18 ओहम आहे, तेव्हा प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स दोन ओहमच्या वर नाही ना, एवढं आधी बघून घ्या.