कर्जत लाईनवरचं कुत्र्यांचं शेल्टर, आमचा अनुभव (आणि आप्पाला घर हवंय)

शेल्टरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव-पत्ता पसरला की रात्रीतून गेटपाशी पोत्यात, खोक्यात पिल्लं आणून टाकतात लोक, आणि तिथल्या ताईंनीच तशी विनंती केलीय. ज्यांना खरंच कुत्रा घ्यायचाय त्यांनी मला मेसेज करा, मी नंबर देते. एवढं सांगते की कर्जत लाईनला आहे, स्टेशनवरून रिक्षा मिळते, शेवटचा थोडा रस्ता कच्चा आहे आणि पावसात रिक्षावाले तिथे यायला नाही म्हणतात, तेव्हा थोडं चालायची तयारी ठेवा.

आमची चिंगी इथलीच. ती घरी आली तेव्हापासून या लोकांशी संबंध आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. कुत्रा दिला, फोटो काढला, विषय संपला असं यांचं नसतं. लसीची तारीख जवळ आली की व्हॉट्सअॅपवर आठवण येते. दिवाळीत फटाक्यांनी चिंगी पलंगाखालून बाहेरच येईना तेव्हा ताईंनी रात्री फोनवर नीट समजावून सांगितलं, खिडक्या लावून घ्या, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, ओढून बाहेर काढू नका, आणि उद्यापासून अंधार पडायच्या आत फिरवून आणा. बिनपैशात एवढं कोण करतं हो.

दत्तक द्यायचे पैसे घेत नाहीत. नसबंदी, रेबीजचं इंजेक्शन, जंताचं औषध सगळं झालेलं असतं आणि कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं असतं, नुसती सही नाही. पण कुत्रा लगेच हातात देत नाहीत, आधी बरंच विचारतात. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का, घरात सगळ्यांची तयारी आहे का, फिरवायला कोण नेणार, गणपतीत गावाला गेलात तर कुत्रा कुठे राहणार. मग घरी येऊन बघून जातात, बाल्कनीच्या ग्रिलमधून पिल्लू निसटेल का वगैरे. काही लोकांना याचा राग येतो, आम्ही घर देतोय आणि हे आमचीच चौकशी करतात म्हणून. मला ते पटतं. परत आणून सोडलेल्या कुत्र्याचं काय होतं ते तिथे जाऊन बघा, आठवडाभर जेवत नाहीत काही काही. सोसायटीवाले कटकट करतील अशी भीती असेल तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५चं परिपत्रक आहे, बहुमताने ठराव करूनसुद्धा सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, त्याची झेरॉक्सच देतात फाईलमध्ये. आमच्या सेक्रेटरींना ती दाखवली आणि विषय मिटला.

आता आप्पाबद्दल, कारण खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलेय.

आप्पा म्हणजे तपकिरी-पांढरा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, बहुतेक न दिसणारा, दातांवरून पाच-सहा वर्षांचा असेल असं डॉक्टर म्हणतात. हायवेच्या एका ढाब्यामागे सापडला. कानाला खाच नव्हती (रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी झाली की खूण म्हणून ती पाडतात), आणि गळ्याभोवती पट्ट्याने केस गेलेली गोल रेघ होती आणि 'बस' म्हटलं की बसतो, बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आला की पंजा पुढे करतो. म्हणजे कुणाच्या तरी घरात वाढलेला आहे, शिकवलेला आहे, आणि दिसेनासं झाल्यावर कुणीतरी गाडीतून आणून सोडला असणार असाच तिथल्या सगळ्यांचा अंदाज आहे. प्राण्याला असं उपाशी मरायला टाकून देणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळचा दंड किती माहितीय का, १० ते ५० रुपये. वडापावच्या दोन प्लेटचे पैसे नाहीत हे. चीड येते वाचून.

नाव आप्पा पडलं ते त्याच्या स्वभावामुळे. कुणीही आलं की उठून येतो, आधी चपला, मग पिशवी, मग हात असं सावकाश हुंगत जातो, लग्नघरात दारात बसलेले म्हातारे आजोबा प्रत्येकाला कुठले तुम्ही, कुणाचे तुम्ही विचारतात ना तसं, आणि चौकशी संपली की तुमच्या पायावर अंग टाकून मोकळा. भुंकणं जवळपास नाहीच. लहान मुलं, म्हातारी माणसं, इंजेक्शन देणारे डॉक्टर, सगळे त्याला सारखेच.

त्याला दिसतं की नाही हे मात्र नक्की कुणालाच सांगता येत नाहीये आणि या शेल्टरबद्दल मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच की ते तसं सरळ सांगतात. त्याच्या पिंजऱ्यावरच्या पाटीवर मराठीत लिहिलंय, 'बहुतेक दिसत नाही, तपासणी चालू आहे'. एका दुसऱ्या ठिकाणी, तेही नाव घेत नाही, माझ्या मावसभावाला एक कुत्री 'एकदम हेल्दी' म्हणून दिली होती, घरी आल्यावर कळलं की तिला फिट्स येतात आणि ते त्यांना आधीपासून माहीत होतं. त्याने ती ठेवली, आजही आहे, पण आधी सांगितलं असतं तर पहिल्या रात्री घरातल्यांचा जीव तरी एवढा घाबरला नसता.

मी गेले होते त्या दिवशी डॉक्टर मॅडम त्याला तपासत होत्या आणि मला जवळ उभं राहून बघू दिलं. आधी टॉर्च मारला, दोन्ही बाहुल्या लहान झाल्या, उजवी जरा उशिरा. मी म्हटलं, अहो म्हणजे दिसतंय की. तर म्हणाल्या, असं नसतं ताई, नुसता मोतीबिंदू असला तरी बाहुली उजेडाला आकसते, त्यावरून दिसतं असं धरता येत नाही. मग कापसाचा बोळा घेतला आणि त्याच्या तोंडासमोरून खाली सोडला. कापूसच का, तर पडताना आवाज होत नाही आणि वास ओळखीचा नसतो. दिसणारा कुत्रा मान वळवून बघतोच. आप्पाने मान हलवली नाही, तो मॅडमच्या खिशाकडे नाक करून बसला होता. डोळ्यासमोर हात हलवून बघायची पण एक पद्धत असते, तिच्यात म्हणे हाताचा वारा मिशांना लागला तरी कुत्रा डोळे मिटतो आणि आपली फसगत होते, म्हणून मधे काच धरतात किंवा वारा येणार नाही असं एकच बोट हळू पुढे नेतात. त्यातही त्याने पापणी मिटली नाही. पण गंमत पुढे आहे. उन्हात पॅसेजमध्ये बादल्या आडव्या ठेवल्या आणि पलीकडून हाक मारली तर पांढरी मोठी बादली त्याने बरोबर चुकवली, निळीला धडकला. तेच आत अंधाऱ्या खोलीत केलं तर दोन्हींना धडकला. म्हणजे उजेड-सावली एवढं कदाचित कळत असेल. कदाचित पहिल्या बादलीचा त्याला वास आला असेल. मॅडमनी कागदावर दोन्ही शक्यता लिहिल्या.

रक्तात गोचीडतापाचा एर्लिकिया निघाला होता, त्याचा डॉक्सीचा (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) २८ दिवसांचा कोर्स शेल्टरने पूर्ण केलाय. आपल्याकडे गोचिडी किती असतात सगळ्यांना माहितीय, पण त्या तापात डोळ्याच्या आत सूज येते, रक्तस्राव होतो, पडदा सुटू शकतो हे मला तिथेच कळलं. शुगर नॉर्मल आहे, डोळ्याचं प्रेशर पण नॉर्मल, म्हणजे प्रेशर वाढून डोळा दुखत असेल ही भीती तूर्त नाही. उजव्या डोळ्यात पांढुरकं दिसतं तो मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करायचं की नाही हे मागचा पडदा काम करतो का त्यावर ठरणार, त्यासाठी डोळ्याची सोनोग्राफी आणि पडद्याची एक वेगळी चाचणी लागते, ती होईल तेव्हा परळला बैलघोडा हॉस्पिटलच्या बाजूला व्हेटर्नरी कॉलेज आहे तिथे विचारणार आहेत. पडदाच गेला असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही, उगाच भूल द्यायची. हे सगळं जो घेईल त्याला फाईलसकट मिळेल.

आता तुम्ही म्हणाल, एवढं प्रेम आहे तर तूच का नाही घेतलास. विचारलं होतं मी. आणि त्यांनी नाही सांगितलं, माझ्या तोंडावर. त्याआधी चिंगीला घेऊन बोलावलं होतं, मोकळ्या जागेत दोघांना दोरीवर धरून भेटवलं. आप्पा शेपूट हलवत सरळ तिच्याकडे निघाला. चिंगी ताठ झाली, तोंड दुसरीकडे फिरवलं, मग ओठ वर करून दात दाखवले, सगळं बिनआवाजी. डोळस कुत्र्याने एवढ्यावर पाऊल मागे घेतलं असतं. आप्पा आपला येतच राहिला, नाक पुढे, शेपूट तशीच हलतेय. तिथल्या काकांनी झटकन दोरी ओढली म्हणून वाचला, नाहीतर नाकच फाडलं असतं तिने. काका म्हणाले, हिची चूक नाही, हिने तीन वेळा सांगितलं, त्याला ऐकू येतं तेवढंच समजतं. माझे डोळे भरून आले तिथे, खोटं कशाला बोलू, पण त्यांचं बरोबर होतं. घर मिळतंय म्हणून कुठेही ढकलून द्यायचा नाही हे मला मान्य आहे.

त्यामुळे त्याला घर असं हवंय जिथे दुसरा कुत्रा नसेल किंवा असला तर एकदम शांत, आणि त्या दुसऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधायची तुमची तयारी असेल म्हणजे आप्पाला तो कुठे आहे ते कळत राहील. बाकी आंधळ्या कुत्र्याचं लोकांना वाटतं तेवढं काही नसतं. सोफा, टेबल, पाण्याचं भांडं रोज जागा बदलायची नाही. पहिले काही दिवस एका खोलीत ठेवायचं, मग हळूहळू बाकीचं घर, पट्टा लावून भिंतीभिंतीने फिरवायचं. जिना सुरू होतो तिथे पायपुसणं किंवा खडबडीत मॅट टाकायची, पायाला लागलं की त्याला समजतं. झोपेत असताना हात लावायचा नाही, आधी आवाज द्यायचा. 'पायरी' आणि 'थांब' हे दोन शब्द शिकवायचे, पैकी 'थांब' त्याला काकांनी शिकवलाय, मी बघितलंय, गटाराच्या कडेला थांब म्हटलं आणि पाय उचललेला तसाच ठेवून उभा राहिला. टेबलांचे कोपरे मात्र त्याच्या डोळ्याच्या उंचीला येतात, त्यांना स्पंज लावून घ्या. मोकळं सोडून फिरवणं कायमचं बंद, दोरी हवीच.

आणि त्याला परत रस्त्यावर सोडतील का असं एकीने विचारलं म्हणून सांगते, २०२३चे नियम आहेत त्याप्रमाणे रस्त्यावरचा कुत्रा नसबंदी आणि लस झाली की सहसा जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो, पण न दिसणारा पाळीव कुत्रा हायवेला सोडणं म्हणजे त्याला मारणंच, ते हे लोक करणार नाहीत. मग उरतो तो शेल्टरचा पिंजरा. जागा आधीच कमी, त्यात २०२५च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा दिल्लीतले रस्त्यावरचे कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवायचा आदेश आला आणि मग बदलला, तेव्हापासून यांना 'आमच्या गल्लीतले घेऊन जा' असे फोन सुरू झालेत ते थांबलेलेच नाहीत. रात्री शंभर कुत्रे एकदम भुंकले की ज्याला दिसत नाही त्याचं काय होत असेल. आप्पा तेव्हा कोपऱ्यात तोंड घालून बसतो, काका म्हणतात.

तक्रारी पण लिहायलाच हव्यात. दत्तकाचा फॉर्म चार पानी आणि पूर्ण इंग्लिशमध्ये आहे, कर्जत-नेरळकडची माणसं तो बघूनच परत जातात, मी मराठी करून द्यायचं कबूल केलंय. मागच्या बाजूच्या पिंजऱ्यांची फरशी धुतल्यावर लवकर वाळत नाही, उतार चुकलाय, म्हाताऱ्या कुत्र्यांच्या पायांना ते बरं नाही. इन्स्टावर कुत्र्यांच्या फोटोखाली रडकी गाणी लावतात ते तर अजिबात आवडत नाही मला, आप्पाचा एक पण हसरा व्हिडिओ टाकलेला नाही आणि हा कुत्रा दिवसातला अर्धा वेळ शेपूट हलवत असतो, लोक रडतात, हार्ट टाकतात आणि पुढे जातात. फोन उचलत नाहीत ही सगळ्यात मोठी तक्रार, अर्थात दोन हात आणि शंभर कुत्रे असताना फोन कोण उचलणार, तरी एखादा व्हॉलंटियर त्याच कामाला ठेवायला हवा.

पाचपैकी साडेचार. अर्धा फरशीचा आणि फॉर्मचा कापला.

जाणार असाल तर रविवार टाळा, कॉलेजची मुलं रील काढायला येतात आणि कुत्रे बिथरतात, आप्पा तर बाहेरच येत नाही. मधल्या वारी सकाळी साफसफाई आणि जेवणं आटोपली की, म्हणजे अकरानंतर जा. जुन्या चादरी, टॉवेल, पेपरची रद्दी न्या, उशा नकोत, कापूस काढून खातात. गोड बिस्किटं गेटवरच काढून घेतात, त्यापेक्षा उकडलेली अंडी न्या. पहिल्याच भेटीत हो म्हणायची घाई करू नका, घरातल्या सगळ्यांना घेऊन जा, आणि त्याच्याशी बोलत बोलत जवळ जा. फोन लागला नाही तर व्हॉट्सअॅपवर 'आप्पासाठी' असं लिहून टाका, त्याला उत्तर लवकर येतं.