सरकारी रोपवाटिकेतून रोपं घ्यावीत का?

बांधाला आणि वरच्या पडीक तुकड्यात लावायला यंदा सगळी रोपं सरकारी रोपवाटिकेतून आणली, बरेच जण विचारतायत म्हणून लिहितेय. रोपांना पाचपैकी साडेचार. पण रोप गेटबाहेर पडल्यावर जी सेवा मिळायला पाहिजे तिला दोनच्या वर नाही देता येत.

दर तर वनमहोत्सवात सवलतीचे असतातच, पण मला जास्त भावलं ते म्हणजे बेहडा, अर्जुन, करंज, मोह, शिवण अशी आपली झाडं तिथं मिळतात, खाजगी नर्सरीत विचारा, फायकस नाहीतर पाम पुढं करतात. तिथं काम करणाऱ्या एका मावशींनी पिशवी उचलून खालचं भोक दाखवलं, मुळी त्यातून बाहेर येऊन जमिनीत घुसली असेल तर ते रोप घेऊच नका म्हणाल्या, उचलताना मुळी तुटते आणि शेतात गेलं की रोप मान टाकतं. त्यासाठीच त्या अधूनमधून पिशव्यांची जागा बदलत राहतात. मी उंच उंच रोपं काढत होते, त्यांनी ती बाजूला ठेवून बुटकी पण बुंध्याला जाड अशी निवडून दिली. लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरायची, मातीचा गड्डा फुटू द्यायचा नाही, तळाला गोल फिरलेली मुळं तेवढी कापायची. एवढं ज्ञान फुकट मिळालं, मावशींना पाचपैकी पाच!

आता तक्रार. खड्डे तयार, पाऊस चांगला झालेला, तरी आधी ग्रामपंचायती आणि शाळांचा कोटा म्हणून आम्हाला थांबवलं आणि ओलीचे चांगले दिवस वाया गेले. शिवाय गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हवं तेवढं न्या म्हणे. ते खतपाल्याला उत्तमच, पण त्याने जंगल नाही हो होत.

आणि लावल्यानंतर रोप जगलं की मेलं हे विचारायला कोणी येत नाही. राज्यात 2016 ला 2 कोटी, मग 4 कोटी, 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी झाडांचं टार्गेट होतं, पुढं 2021 मध्ये त्याच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली. का, तर आकडा लागवडीचा मोजला जातो, जगलेल्या झाडांचा नाही. उलट रोजगार हमीतल्या फळबागेला बघा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं अनुदान हवं तर बागायतीत 90 टक्के आणि कोरडवाहूत 75 टक्के झाडं जिवंत दाखवायची अट घातली, म्हणून शेतकरी डोक्यावरून हंडे नेऊन का होईना झाडं जगवतो. हीच पद्धत सरकारी वृक्षलागवडीला लावा ना, तीन उन्हाळे मोजणी करा आणि यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर चिकटवा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाने वनहक्क कायद्याखाली जंगल स्वतःच्या ताब्यात घेऊन सांभाळून दाखवलंय, मग रोपवनाची राखण आणि त्याचे पैसे थेट ग्रामसभेकडे द्यायला काय हरकत आहे?

तरीही रोपं तिथूनच घ्या. फक्त आधी जाऊन कोणती रोपं आहेत ते बघून नाव नोंदवून ठेवा आणि उन्हाळ्यात पाणी कुठून घालणार हे ठरवूनच किती न्यायची ते सांगा.