आंब्याच्या लेबलापायी 28,999 रुपये गेले

देवगडात आमची ऐंशी कलमं आहेत. मार्च ते मे घरचा कॉम्प्युटर म्हणजे आमचं दुकानच: मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी, पत्ते, हिशेब, सगळं त्यात. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून गिऱ्हाईक पेटीवरचं लेबलही वाचतं. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी लेबलचा फुकटातला नमुना शोधायला बसलो. फुकट हा शब्द इथे मुद्दाम लिहितोय.

एका साइटवर नमुना दिसला. त्याच्यावर चौकट आली, ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’. दाबलं. नमुना काही मिळाला नाही, मी विसरून गेलो.

दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात घंटी वाजून पाट्या यायला लागल्या. ‘5 व्हायरस सापडले.’ ‘तुमची बँक माहिती धोक्यात.’ सोबत ढालीचं चित्र. विंडोजचे इशारे येतात त्याच कोपऱ्यात, तसाच आवाज. पण खरा इशारा कसा दिसतो हे मला आठवणार कुठून? डिसेंबरात मीच ते बंद केले होते. कॉम्प्युटरसोबत थोड्या दिवसांच्या चाचणीपुरता (ट्रायल) आलेला अँटीव्हायरस संपला होता आणि तो रोज ‘आजच नूतनीकरण करा’ म्हणून डोकं खायचा. तो काढून टाकला, आणि त्याच रागाच्या भरात विंडोज सिक्युरिटीच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसच्या, सेटिंगमधले सगळे इशारेही बंद केले. रोज काय ती कटकट, म्हटलं.

चार दिवस मी पाट्या बाजूला सारल्या. पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला एकीवर क्लिक केलं. पूर्ण स्क्रीन निळी-लाल झाली, बाईच्या आवाजात इंग्रजीत धमकी सुरू झाली, कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा. पान बंदच होईना. मी तो नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतला आणि फोन लावला.

पलीकडचा माणूस अदबीने हिंदी बोलत होता, मला ‘सर, सर’ करत होता. (साठीनंतर कोणी सर म्हटलं की माणूस मऊ पडतो.) दूरून कॉम्प्युटर चालवता येतो असं एक ॲप त्याने माझ्याकडून उतरवून घेतलं. मग इव्हेंट व्ह्यूअर नावाची यादी, म्हणजे विंडोजमधल्या बारीकसारीक घडामोडींची नोंद, उघडली आणि लाल-पिवळ्या खुणांच्या रांगा दाखवल्या. “सर, ये सब वायरस हैं.” मी घाबरलो. तीन वर्षांच्या संरक्षणाचे म्हणून 4,999 रुपये यूपीआयने दिले.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. तो म्हणाला पेमेंट अडकलंय, परत पाठवतो, नेटबँकिंग उघडा. उघडलं. स्क्रीन काळी झाली, “सर्वर काम कर रहा है.” मोबाइलवर ओटीपी आला. मी तो वाचून दाखवला. हो, मीच. मेसेजात 24,000 रुपयांचा स्पष्ट उल्लेख होता, पण मी फक्त सहा आकडे बघितले. दुसरा ओटीपी आला आणि तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब चालते, कॉम्प्युटर नाही. लाईट गेल्याचा आनंद मला जन्मात पहिल्यांदा झाला, तोही दुसऱ्या दिवशी, सगळं कळल्यावर. त्या रात्री मी कोणालाच काही सांगितलं नाही. लाज वाटली.

सकाळी पुतण्या आला. तो कणकवलीला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कॅलेंडरकडे बघून म्हणाला, “काका, ह्यो नंबर कोणाचो?” सांगितल्यावर कपाळावर हात मारला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे त्याने मला तीनदा ऐकवलं. पाटीतली बारीक अक्षरं दाखवली: वर क्रोम, त्याखाली त्या साइटचा पत्ता. म्हणजे ती पाटी सुरक्षेची नव्हतीच, ‘अलाऊ’ दाबून मीच परवानगी दिलेल्या साइटची होती. विंडोज सिक्युरिटीच्या इतिहासात एकही व्हायरस नव्हता. मग त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तशाच लाल खुणा. चांगल्या चालणाऱ्या मशीनमध्येही त्या असतात.

त्याने केलं ते सांगतो. आधी नेट तोडलं, ते ॲप काढलं, पासवर्ड माझ्या मोबाइलवरून बदलायला लावले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, मग बँक. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या 14 साइट निघाल्या, त्यातल्या मला दोनच आठवत होत्या. सगळ्या काढल्या आणि यापुढे कुठल्याही साइटने विचारूच नये असं लावलं. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘मॅनेज नोटिफिकेशन्स’ आहे. त्यातला स्कॅनचा अहवाल बंद ठेवला, कारण तोच कटकट करतो. धोका सापडल्याचा आणि फाइल अडवल्याचा, हे दोन इशारे मात्र परत चालू केले. कटकट आणि इशारा वेगळे करता येतात, हे मला डिसेंबरात ठाऊक असतं तर! आणि ते न हटणारं पान? एस्केपची कळ दाबून धरायची किंवा टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्राम बंद करायची विंडोजची खिडकी) ब्राउझर बंद करायचा, एवढंच होतं.

बँकेत मला 2017 चा रिझर्व्ह बँकेचा नियम सांगितला. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे माझी रात्रभराची लाज किती महागात पडू शकली असती, ते तिथे खुर्चीत बसून कळलं.

पैसे अजून आलेले नाहीत. बायकोने परवा हंगामाचा हिशेब जुळवला. खराब निघालेल्या पेट्यांसाठी वहीत ‘साका’ असा एक रकाना असतो. तिने त्याच्यात 28,999 लिहिले. मी काही बोललो नाही.