जांभ्याच्या घरापुढे करडे पेव्हर: एक अख्खा पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गावच्या घराच्या ड्राइव्हवेला मागच्या मार्चमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले, आता जानेवारी चालू आहे. मध्ये मे महिन्याचं ऊन, पूर्ण पावसाळा, गणपतीतल्या एकावेळी चार-चार गाड्या असं सगळं होऊन गेलंय म्हणून आता लिहितोय. बसवल्या बसवल्या लिहिलं असतं तर नुसते फोटो टाकून एकदम मस्त म्हणलं असतं, त्याला काही अर्थ नसतो.

आधी घर कसलं ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. रत्नागिरीजवळचं जांभ्याचं घर, बाहेरून गिलावा नाही, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, आणि रस्त्यापासून पडवीपर्यंत आजोबांच्या वेळची चिऱ्यांची (म्हणजे जांभ्याच्याच कापीव दगडांची) पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट. गाडी रस्त्यावरच ठेवायला लागायची आणि अण्णांचे गुडघे गेल्यापासून पावसात त्यांना त्या पाखाडीवरून आणणं म्हणजे दोघांचं काम. म्हणून जड मनाने पाखाडी काढली आणि 9 फूट रुंद, साधारण 40 फूट लांब रस्ता करायचं ठरवलं.

आता रंग. घरात सगळ्यांचं एकमत, घर तांबडं आहे तर खालीपण लालच घ्या, मॅच होईल. पेव्हरवाल्याकडे गेलो तर त्याचा सल्ला त्याच्याही पुढचा, लाल आणि पिवळा झिगझॅग मारू साहेब, उठून दिसेल. त्याच्या यार्डात ते दिसतही होतं बरं, खाली सिमेंटची पांढरी जमीन आणि मागे पत्र्याची शेड, त्यापुढे काहीही उठूनच दिसणार. मी लाल, पिवळा, करडा आणि काळा असे दोन-दोन नग डिकीत टाकून घरी आणले आणि भिंतीच्या कडेला ओळीत मांडून ठेवले. आख्ख्या कामात मी एवढीच एक शहाणपणाची गोष्ट केली असं बायकोचं मत आहे.

जांभा लाल असतो असं आपण म्हणतो, पण जवळ जाऊन बघा, त्यात पिवळसर भोकं असतात, विटकरी असतं, मधेच जांभळट काळा ठिपका असतो. त्याच्या शेजारी ऑक्साइडचा तो एकसुरी लाल ब्लॉक ठेवला आणि घराची भिंतच मळकी दिसायला लागली. मग त्या सगळ्यांवर बादलीभर पाणी ओतलं, कारण आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस, वर्षातले चार महिने हा रस्ता ओलाच दिसणार आहे. ओला झाल्यावर लाल अजूनच भडक झाला, आणि पावसाळ्यात आमची भिंत शेवाळाने काळी-हिरवी पडते त्याच्यापुढे तो कसा दिसेल ते डोळ्यासमोर आलं. पिवळा बघून अण्णा पडवीतूनच म्हणाले, "पेट्रोल पंप काढतोयस काय रे?" काळा मला आवडला होता, पण दुपारी दोन वाजता आईने अनवाणी पाय ठेवला आणि लगेच उचलला, तो विषय तिथेच संपला. राहिला करडा. यार्डात ज्याच्याकडे मी बघितलंही नव्हतं तो भिंतीशेजारी गप बसला, भिंत भिंतीसारखी दिसायला लागली.

पाखाडीचे निघालेले चिरे टाकायचे जिवावर आले होते, ते दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये बसवून कड केली. कड लागतेच, नाहीतर गाडीच्या वजनाने ब्लॉक बाहेर सरकत जातात, पण सिमेंटच्या तयार कर्बऐवजी चिरे घेतल्याने रस्ता घराचाच वाटतो. रंग जुळवायचं काम त्या दोन ओळींनी केलं, 360 स्क्वेअर फूट लाल करून ते झालं नसतं.

आख्खा रस्ताच जांभ्याचा का नाही केला असं बरेच जण विचारतात. चुलतभावाने केलाय, कापलेल्या जांभ्याच्या लाद्या, बसवल्या तेव्हा दृष्ट लागावी असा दिसत होता. पण लाद्या पातळ आणि खाली काँक्रीट न करता नुसती कच (खडीचा बारीक चुरा), त्यामुळे चाकांच्या पट्ट्यात तडे गेलेत. शिवाय भोकाभोकांत पाणी धरून शेवाळ इतकं की जुलैत तिथून चालताना भिंत धरावी लागते. कोटा किंवा शहाबादी उतारावर मला नकोच होती, दोन्ही चुनखडीचे दगड, वापरून गुळगुळीत झाले की ओल्यात घसरगुंडी. सलग काँक्रीट टिकलं असतं, पण त्याला तडा गेला की तो कायमचा. गेटच्या बाहेर थोड्या जागेत भोकाचे ग्रास पेव्हर टाकले तेही फसलं, फणसाची सावली आणि वर कायम उभी गाडी, गवत कुठून येणार.

ब्लॉक 60 मिलिमीटर जाडीचे घेतले, घरगुती गाडीला तेवढे बास. मशीनवर दाबलेले, खरखरीत. रबर मोल्डमधले चकचकीत पण दाखवले होते, दिसायला भारी, पण पहिल्या पावसात त्यांच्यावर कोण पडणार एवढाच प्रश्न. रंगीत घेणाऱ्यांनी एक ब्लॉक फोडून बघा. रंगाचा थर वरच असतो, मी लाल फोडला तर अर्ध्या पेराएवढाही नव्हता, खाली सगळा करडाच. लोक म्हणतात उन्हाने रंग उडतो, पण लोहाचं ऑक्साइड उन्हाला चांगलं टिकतं, झिजतो तो वरचा सिमेंटचा थर. आणि सुरुवातीला जी पांढरी भुकटी वर येते ती म्हणजे सिमेंटमधला चुना, पाण्याबरोबर वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पांढरा पडतो. आमच्याकडे पण एप्रिलमध्ये आली होती, करड्यावर कुणाच्या लक्षातही आलं नाही, पावसाने गेली. काळ्यावर तीच भुकटी राखेसारखी दिसते, हे बहिणीच्या कोल्हापूरच्या बंगल्यात बघितलंय. तिच्या त्या पांढऱ्या, सपाट स्लॅबच्या, काचांच्या घराला मात्र काळे मोठे ब्लॉकच शोभतात हे मान्य, आमचा करडा तिथे अगदी बिचारा दिसला असता.

बसवताना हेरिंगबोन पॅटर्न घेतला, म्हणजे ब्लॉक एकमेकांना आडवे-उभे अडकतात आणि ब्रेक मारला तरी सरकत नाहीत. यात कापाकापी जास्त म्हणून ठेकेदार कुरकुरला. खाली माती काढून खडी-मुरूम दाबून त्यावर दीड इंच कच, आणि 9 फुटाच्या रुंदीला 2 इंच ढाळ पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूला दिला. ढाळावर मी दोरी लावून स्वतः उभा होतो आणि पाणी आजही कुठे थांबत नाही, फक्त गेट सोडून. गेटजवळचे शेवटचे पाच-सहा फूट व्हायच्या आधी दाबायचं मशीन दुसऱ्या कामावर गेलं, हाताच्या धुम्मसने ठोकून घेतो असं ठेकेदार म्हणाला आणि मी त्याच दिवशी पुण्याला निघालो. व्हायचं तेच झालं, ऑगस्टमध्ये नेमकी तिथे दोन्ही चाकांची खोलगट बसली. आता फोन केला की साइटवर आहे म्हणतो.

दुसरी चूक माझी स्वतःची. पडवीच्या पागोळ्या थेट ब्लॉकवर पडतात हे डोक्यातच नव्हतं. जूनच्या शेवटापर्यंत पागोळ्यांच्या रेषेखाली सांध्यांतली सगळी वाळू धुऊन गेली, ब्लॉक पायाखाली खटखट वाजायला लागले. शेवटी तिथली एक ओळ काढून खडी आणि नदीतले गोटे भरले. आता पागोळ्या गोट्यांवर पडतात, आवाजही छान येतो आणि भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत.

शेवाळ फणसाखाली धरतंच, महिन्यातून एकदा ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासावं लागतं. प्रेशर वॉशर आणलात तर जपून, आमच्या भाच्याने हौसेने मारला आणि शेवाळाबरोबर वाळूही उडवली. सांध्यांत तण येतं, मुंग्या वाळू वर काढून ठेवतात, जांभळाचे डाग पडतात पण पाऊस-उन्हात हळूहळू फिके झाले. आईची तक्रार वेगळीच. आमसुलं वाळवायला पूर्वी सारवलेलं अख्खं खळं होतं, आता अर्धं तुमच्या गाडीला गेलं म्हणते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि रंगाचं बोललो ते अजून अर्धंच आहे. ऑक्टोबरमध्ये ऊन पडल्यावर बघितलं तर करडा करडा राहिलेलाच नाही. चार महिने चाकाला लागून येणारी तांबडी माती खरखरीत पृष्ठभागात आणि सांध्यांत जाऊन बसली, सगळ्या रस्त्यावर फिकट तांबूस झाक आलीय, कडेच्या चिऱ्यांकडे जाईल तशी जास्त. मी धुऊन बघितलं, थोडी गेली, आठवड्यात परत आली, मग नाद सोडला. जे लाल आम्ही पैसे देऊन घेणार होतो ते फुकट मिळालं, आणि भिंतीला चालणारं मिळालं.

गोठ्यामागे 30 ब्लॉक जादा ठेवलेत, पण ते अजून कोरे करडे आहेत, तिथे लावले तर ठिगळ दिसेल. म्हणून शिमग्याला गावी जाऊ तेव्हा गेटजवळचे जुनेच ब्लॉक उचलायचे, खाली खडी भरून नीट दाबायची आणि तेच परत बसवायचे असं ठरलंय, आणि या वेळी मशीन जाईपर्यंत मी हलणार नाही.