वाडीची झेडपी शाळा: गुरुजींना पैकीच्या पैकी, कारभाराला काठावर पास

पोरगी दुसरीत, आणि गेल्या वर्षापासून मी शाळा व्यवस्थापन समितीत. पाटण तालुक्यातली आमची दोनशिक्षकी शाळा, पट ४३. शिकवण्याबद्दल तक्रार नाही. पोरगी एसटीच्या पाट्या वाचत सुटते.

कारभाराचं मात्र काय सांगावं! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका. आमच्यात आहेतही, पण मीटिंगचं रजिस्टर सहीला घरपोच येतं! गुरुजींचा पगार सरकार झेडपीमार्फत देतं. शाळेच्या हातात काय, तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान. शंभरच्या आतल्या आमच्यासारख्या पटाला वर्षाला २५ हजार, त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, लाइटबिल, डागडुजी. यंदा तेही फेब्रुवारीत आलं आणि वरून हुकूम, मार्चअखेर खर्ची टाका.

जुलैत दुसरीच्या वर्गात पत्रा गळत होता, फळ्याखाली पातेलं ठेवलेलं. शेवटी आम्हीच घरटी शंभर काढून डांबरपट्टी मारली. खाली पोरांचे पाढे चालूच.

खिचडी बाकी झकास. ताई फोडणीला हात आखडत नाहीत.