ड्रोन फवारणीवाला: काम मस्त, टाइमचा पत्ता नाही

मोर्शीकडं आमचं ४ एकर वावर आहे, तुरीवर अळी पडली म्हणून ड्रोनवाल्याला बोलावलं. सकाळी ७ ला येतो म्हणाला अन् आला साडेदहाला, तोवर वारा सुटला, मग फवारणी संध्याकाळवर गेली. यासाठी एक स्टार कमी, सरळ.

पण पोट्ट्याचं काम पक्कं आहे. १० लिटरची टाकी, एका एकराला ८-१० मिनिटं, अन् धुऱ्यावरच्या ओळीपण सोडल्या नाही.

खरी गंमत वेगळीच. आमच्या वावराला लागूनच खुल्या जेलची शेती, तिथं कैदी निंदण करत होते. माझा भाचा म्हणे, भाऊ थोडा पलीकडं ने ना, रील बनवतो. त्यानं साफ नाही म्हटलं. म्हणे २०२१ च्या ड्रोन नियमात ग्रीन झोनला (सरकारच्या ड्रोन नकाशावरचा हिरवा भाग) ४०० फुटापर्यंत परवानगी लागत नाही हे खरं, पण जेलवर ड्रोन दिसला की लोकांना पहिलं आठवते ते आत मोबाईल नाहीतर गांजा टाकणं, अन् नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत जातो. त्यानं आधी नकाशा उघडून झोन पाहिला, जेलच्या साहेबाला जाऊन सांगून आला, फक्त जेलकडच्या धुऱ्यापासून ५ ओळी सोडूनच उडवला.

मले त्याचं दुसरं बोलणं जास्त पटलं. म्हणे माणूस शिक्षा भोगून रायला, त्याच्या पोरीनं त्याचा चेहरा रीलवर कायले पाहावा? भाचा गप्प. मीपण.

एकरी ५०० घेतले. बोलवा, पण टाइम बराच आधीचा सांगा.