अॅन्युरिझम फुटल्यानंतर: सिगारेट कमी करायची की बंदच?

अॅन्युरिझम म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा; तो फुटून झालेल्या रक्तस्रावातून वाचलेला माणूस घरी आला की तडजोड ठरलेली: "दिवसाला दोनच ओढतो." माझ्या मते ही तडजोड करूच नये. दोन सिगारेटींनीही रक्तवाहिनीच्या भिंतीला मार बसतो, ओढताना रक्तदाब चढतो. क्लिपने (फुग्याच्या तोंडाशी लावलेला चिमटा) किंवा कॉइलने (फुग्यात भरलेली बारीक तार) एक फुगा बंद झाला तरी दुसरीकडे नवा होण्याचा धोका राहतोच. आणि दोनाच्या चार कधी होतात, कळतही नाही.

पूर्ण बंद केली तर धोका हळूहळू उतरतो. सुरुवात मात्र जड जाते: चिडचिड, झोप उडणं, बेचैनी. ही लक्षणं मेंदूच्या त्रासाचीही असू शकतात, म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना सांगा. निकोटिन पॅचबद्दलही (सिगारेटची तलफ कमी करणारी, त्वचेवर लावायची पट्टी) त्यांनाच विचारा; आतापर्यंतच्या निरीक्षणांत पॅचमुळे मेंदूतल्या वाहिन्या जास्त आकसल्याचं दिसलेलं नाही.